जामाची साल

पेरूला इंदुरात जाम म्हणतात. चार पिढ्यांपासून इथं राहणाऱ्या आमच्या मराठी घरातही जामच म्हणतात. फ्रिजचं दार उघडून पिशवी जराशी खुळखुळली की मागच्या व्हरांड्यातून "वीऽक वीऽक" अशी शिट्टी सुरू होते आणि साबू आणि जिरू, आमच्या दोघी गिनीपिग, जाळीला तोंड लावून उभ्या राहतात. दिवाळी करून आम्ही नाशिकहून परतलो त्या संध्याकाळीही तसंच झालं. मी जामाच्या दोन फोडी केल्या, एक साबूपुढे ठेवली, एक जिरूपुढे. जिरू साबूच्या आधी धावत आली. फोड तोंडात धरून मान दोनदा हलवली आणि खाली ठेवली. पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली. आतला मऊ गर तेवढा कुरतडला आणि साल तशीच टाकून कोपऱ्यात जाऊन बसली. साबूनं आपली फोड सालीसकट संपवली, मग शांतपणे येऊन जिरूची सालही उचलून नेली.

"आपण नव्हतो तेवढ्या दिवसांत शेजाऱ्यांनी लाड केलेले दिसतात, नखरे सुरू झाले," मी म्हणाले.

सासूबाई झोपाळ्यावरून बघत होत्या. त्यांना कवळी बसून तीन वर्षं झाली. ती नीट बसेपर्यंतचे पाचसहा महिने आम्ही सगळ्यांनी पाहिलेत. घास तोंडात घ्यायच्या, इकडून तिकडे फिरवायच्या आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून रुमालात काढून ठेवायच्या. त्या म्हणाल्या, "अगं, नखरे कसले? तिला खायचंय. चावता येत नाहीये."

हे वाक्य मी त्या संध्याकाळी ऐकलं आणि सोडून दिलं. प्रवासाच्या बॅगा उघडायच्या होत्या, दुसऱ्या दिवसाच्या पोळ्यांची कणीक मळायची होती. आज लिहिताना त्या सोडून दिलेल्या वाक्याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

जिरू म्हणजे जिरावन. इंदूरच्या पोह्यांवर भुरभुरतात तो तपकिरी, काळपट, मधूनच पिवळसर मसाला. तिची पाठ थेट त्याच रंगाची आहे, म्हणून लेकीनं हे नाव ठेवलं. साबू म्हणजे साबूदाणा, पांढरीशुभ्र. दोघी गिनीपिग, दोघी माद्या. एका ओळखीच्या कुटुंबाची बदली झाली तेव्हा त्यांच्याकडून आमच्याकडे आल्या. लेक तेव्हा दहा वर्षांची होती आणि त्या दोघी वर्षा-दीड वर्षाच्या. हा प्राणी मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला, तिथल्या लोकांनी हजारो वर्षांपूर्वी माणसाळवलेला. आमच्या व्हरांड्यात तो माळव्याच्या थंडीत गोधडीच्या तुकड्याखाली झोपतो आणि उन्हाळ्यात ओल्या माठाला पाठ टेकून बसतो.

माझे वडील सराफ्यात एका पेढीवर मुनीम होते. आता बाहेरच्यांना सराफा म्हणजे रात्रीची खाऊगल्ली एवढंच माहीत असतं. मला मात्र तिथला दिवसाचा काटा आठवतो, काचेच्या पेटीतला. वडील सकाळी आधी काटा पुसायचे, मग रिकामा काटा शून्यावर आहे ना बघायचे, मग वही उघडायचे. ती सवय माझ्यात उतरली असावी. गिनीपिगचं दर आठवड्याला वजन करावं असं कळल्यावर मी स्वयंपाकघरातला काटा घेतला, त्यावर प्लास्टिकची चौकोनी टोपली ठेवली आणि दर रविवारी सकाळी, भाजी द्यायच्या आधी, दोघींना टोपलीत बसवून आकडा लिहू लागले. लेकीची जुनी गणिताची वही त्या कामाला लागली.

नाशिकहून आल्यावर दुसऱ्या दिवशी रविवार होता. जिरूला टोपलीत बसवलं. ८६१ ग्रॅम.

मी काटा बंद करून पुन्हा चालू केला. ८६१. वहीची मागची पानं उलटली. ८ सप्टेंबर २०२४, गणपती बसल्याचा दुसरा दिवस: ९६४. ६ ऑक्टोबर: ९५१. १३ ऑक्टोबर: ९४०. २० ऑक्टोबर: ९३२. पुढचे दोन रविवार कोरे, तेव्हा घर झाडणं, फराळ, प्रवास. दोन महिन्यांत शंभर ग्रॅम. ऐकायला शंभर ग्रॅम काहीच नाहीत, भाजीवाला कोथिंबिरीची जुडी वर टाकतो तेवढं वजन. पण जिचं सगळं मिळून वजन किलोभरही नाही, तिच्या अंगातला दहावा हिस्सा गेला होता. साठ किलोच्या माणसाचे सहा किलो म्हणजे काय, हा हिशेब मी तिथेच उभ्या उभ्या केला आणि माझे हात गार पडले.

मला जास्त लागलं ते हे की आकडे मीच लिहिले होते. प्रत्येक आठवड्याला मी फक्त मागच्या आठवड्याचा आकडा पाहत होते. नऊ ग्रॅम कमी, अकरा ग्रॅम कमी, होतं असं. पोटात पाणी असेल-नसेल, लघवी करून आली असेल. चार आठवडे एकाखाली एक ठेवून ओळ कुठे चाललीय ते मी पाहिलंच नव्हतं.

मग एकेक गोष्ट समोर यायला लागली, आणि एकही नवीन नव्हती. मी प्रत्येक पाहिली होती आणि प्रत्येकीला काही ना काही कारण देऊन बाजूला ठेवलं होतं. हनुवटीखालची लव ओली असायची. मला वाटलं पाण्याच्या बाटलीचं थेंबगळतं तोंड. लेंड्या बारीक झाल्या होत्या, काही तर जिऱ्याएवढ्या, कोरड्या. मला वाटलं त्या साबूच्या नाहीतर कुणा उंदराच्या असतील. गाजराचा तुकडा ती आधी घ्यायची, तो पातळ किसून दिला तर खायची आणि जाडा दिला तर सोडायची; मला वाटलं आवडनिवड. गवताच्या काड्या तोंडाच्या कडेला अडकून लोंबत राहायच्या. उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात सकाळी पांढुरकं पाणी असायचं. आणि एक अगदी साधी गोष्ट, तिचं जेवण संपायला वेळ लागायचा. दोघी एकदम सुरू करायच्या, साबू खाऊन आळोखेपिळोखे देऊन झोपायची, तरी जिरूचं तोंड हलतच असायचं. तोंड हलतंय म्हणजे ती खातेय, असंच मी धरून चालले होते.

गिनीपिग हा शिकार होणारा प्राणी आहे. कळपात जो लंगडतो, कण्हतो, मागे पडतो, त्याच्यावर पहिली झडप पडते. म्हणून दुखणं लपवणं त्याच्या रक्तात आहे. शिट्टी वाजली की जिरू धावत यायची, कारण धावत न येणं धोक्याचं. आम्ही धावणं बघून निर्धास्त होत होतो. धावत आल्यानंतरच्या अर्ध्या मिनिटात ती काय करते, हे पाहायला हवं होतं.

सोमवारी सकाळी शहरातल्या एका दवाखान्यात नेलं. तिथं बहुतेक कुत्री-मांजरं येतात. टेबलावर तिचे ओठ बोटांनी वर करून पुढचे दात पाहिले गेले, "दाँत तो बढ़िया हैं" म्हणून भूक वाढायचं एक औषध मिळालं. भूक तर तिला होतीच, ती शिट्टी भुकेचीच होती. पण तिथं उभं राहून हे मला सुचलं नाही. घरी येऊन दोन दिवस औषध दिलं. ज्या दुकानातून मी दाण्याच्या, म्हणजे गिनीपिगच्या तयार खाद्याच्या, गोळ्या आणते तिथल्या भल्या माणसानं सुचवलं की पुढचे दात नेलकटरनं थोडे कापून टाका, मोकळं होईल. ते मी केलं नाही, याचं मला आजही समाधान आहे. नंतर कळलं की तसं कापताना दात उभा चिरू शकतो, मुळापर्यंत. शिवाय पुढचे दात लांब किंवा तिरपे दिसले तरी खोड बहुतेक वेळा मागे असते, दाढांमध्ये.

बुधवारी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. ससे, गिनीपिग, पोपट असे छोटे जीव पाहणारे डॉक्टर इंदुरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. हे महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले, मितभाषी गृहस्थ. त्यांनी तिला लगेच हात लावला नाही. टेबलावर टॉवेल पसरून तिला बसवलं, समोर कोथिंबिरीची काडी धरली आणि बघत राहिले. जिरूनं काडी ओढली, पानं खाल्ली, देठ जिभेवर फिरवला आणि टाकला. डॉक्टर म्हणाले, "भूख है। खा नहीं पा रही।"

सासूबाईंनी चार दिवसांपूर्वी झोपाळ्यावरून हेच सांगितलं होतं.

मग त्यांनी माझं बोट धरून तिच्या खालच्या जबड्याच्या कडेवरून फिरवलं. गुळगुळीत असायला हवी ती कड जपमाळेसारखी मण्यामण्यांची लागत होती. "ये दाढ़ों की जड़ें हैं, नीचे को बढ़ रही हैं।" तेवढ्या एका स्पर्शानं मला जे कळलं ते कितीही वाचून कळलं नसतं. आजही रविवारी वजन करताना मी दोघींच्या जबड्याखालून बोट फिरवते. साबूची कड नदीतल्या गोट्यासारखी सपाट आहे.

या प्राण्याच्या तोंडात २० दात असतात. पुढे वर दोन, खाली दोन. सुळे नाहीत, तिथं रिकामी फट. आणि मागे प्रत्येक बाजूला वर चार, खाली चार अशा १६ दाढा, ज्या बाहेरून कधीच दिसत नाहीत. तोंड उघडतं जेमतेम बोटाच्या टोकाएवढं, आत गालांच्या घड्या दोन्हीकडून मध्ये आलेल्या आणि बहुधा अर्धवट चावलेला चारा भरलेला. पुढचे दात पाहून मागचं सांगणं म्हणजे वाड्याचा दरवाजा पाहून माजघरातलं सांगणं. जागेपणी ओटोस्कोप, म्हणजे कान तपासायचं दिव्याचं यंत्र, आत घालून थोडंफार दिसतं. नीट बघायचं तर भूल द्यावी लागते, आणि मुळांची अवस्था एक्स-रेशिवाय कळत नाही.

हे वीसच्या वीस दात जन्मभर वाढत राहतात. त्यांची मुळं कधी बंदच होत नाहीत. पिल्लू आईच्या पोटात दोन महिन्यांहून जास्त राहतं, डोळे उघडे, अंगावर केस आणि तोंडात पक्के दात घेऊन बाहेर येतं. दुधाचे दात तर पोटातच पडून गेलेले असतात. पहिल्याच दिवसापासून घास आणि दात यांची झटापट सुरू होते, ती संपत नाही. माझ्या आजोळी देवासकडे जातं होतं आणि वर्षातून एकदा पाथरवट येऊन त्याला टाकी लावायचा, कारण दळून दळून दगड गुळगुळीत व्हायचा. इथं गोष्ट उलटी आहे. इथं जातं स्वतःच वाढतं आणि दळत राहिलं तरच बेतात राहतं. गवताचं लांब पातं आत ओढताना जबडा पुन्हा पुन्हा घासत चालतो, दाढेवर दाढ फिरते, आणि गवतातली ती बारीक खरखर दाढांना झिजवत राहते. दाण्याची गोळी मात्र दोन चाव्यांत फुटते. गाजर, काकडी तर त्याहून मऊ. पोट भरतं, पण जातं फिरत नाही.

खालच्या दाढा मुळातच आत, जिभेकडे कललेल्या असतात आणि वरच्या बाहेर, गालाकडे. झिजल्या नाहीत की त्या त्याच दिशेनं पुढे जातात. वरच्यांची टोकं गालाला टोचतात. खालच्या दोन्हीकडून वाढत वाढत जिभेवर कमान धरतात. जीभ खाली अडकली की घास मागे ढकलता येत नाही, गिळता येत नाही, लाळ बाहेर येते. डॉक्टरांनी ओटोस्कोपमधून मला पाहायला दिलं. मला आधी नुसता गुलाबी-पांढरा गोंधळ दिसला, मग ती कमान दिसली, अजून पुरती न जुळलेली. उरलेल्या फटीतून जिरूची जीभ हलत होती. जामाचा गर त्या फटीतून जात होता. साल जात नव्हती.

"घास कितना देती हो?" गवत किती देतेस, असं त्यांनी विचारलं, आणि मी गप्प झाले.

उन्हाळा संपेपर्यंत आमच्या गल्लीच्या टोकाला रिकामा प्लॉट होता. तिथली हरळी रोज संध्याकाळी मूठभर आणायचं काम लेकीचं. जूनमध्ये तिथं बांधकाम सुरू झालं. पावसाळ्यात चिंता नव्हती, माळव्यात तेव्हा भुट्ट्यांचे ढीग लागतात; भाजीवाला भुट्टे सोलून देतो आणि हिरवी पानं, ते रेशमी केस पिशवी भरून फुकट देतो. दोघींना त्यांचं वेड. दाणे द्यायचे नसतात, पानं आणि केस मात्र चालतात. गणपतीत दूर्वांच्या जुड्या मुबलक, विसर्जनानंतर तर घरोघरच्या न वाहिलेल्या दूर्वा आमच्याकडे यायच्या. मग भुट्टे संपले, गणपती संपले. सुकं टिमोथी गवत ऑनलाइन मागवायचं तर महाग, आणि एकदा आलेली पिशवी बुरसटलेली निघाली म्हणून परत केली. या सगळ्यात मी काय केलं, तर गोळ्यांची वाटी मोठी केली. पोट भरलं पाहिजे म्हणून. गवत हेच त्यांचं मुख्य जेवण, ताटातला जवळजवळ ८० टक्के भाग, आणि गोळ्या म्हणजे दिवसाला दोन चमचे, हे मला माहीत होतं. माहीत असूनही महिना, दीड महिना, जवळजवळ दोन महिने गेले.

डॉक्टर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले की काही जणींच्या जबड्याची ठेवणच अशी असते की सगळं बरोबर देऊनही हे होतं, साबूनंही तेच खाल्लं आणि तिला काही झालं नाही. त्यांनी हे मला धीर यावा म्हणून सांगितलं. खरंही आहे ते. पण गवत कमी पडलं हेही खरं आहे, आणि ते मला माझ्यापुरतं लिहून ठेवायचंय.

शुक्रवारी, १५ नोव्हेंबरला, भूल देऊन दाढा घासायचं ठरलं. आपल्याकडे कुणाचं ऑपरेशन म्हटलं की आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवतात, म्हणून मी विचारलं. त्यांनी स्पष्ट सांगितलं, हिला उपाशी ठेवायचं नाही. गिनीपिगला उलटी होतच नाही, तेव्हा ती भीती नाही. उलट पोट रिकामं राहिलं की आतड्यांची हालचाल थांबते आणि तेच जिवावर बेततं. बारा तास काही खाल्लं नाही तरी धावपळ करायची, हे तेव्हा कळलं. फाइलच्या पहिल्या पानावर त्यांनी लाल शाईनं लिहिलं की पेनिसिलीन, अमॉक्सिसिलीन तोंडानं कधीही द्यायचं नाही. माणसांना सर्रास मिळणारी ही औषधं गिनीपिगच्या पोटातले उपयोगी जिवाणू मारतात, घातक जिवाणू माजतात आणि जनावर दोन-चार दिवसांत जातं. कुणाच्या घरी गिनीपिग असेल आणि नवीन डॉक्टर औषध लिहून देत असतील, तर हे एक वाक्य त्यांना जरूर सांगा.

भुलीत ती पाऊण तास होती. बाहेरच्या बाकावर लेक माझ्या शेजारी बसून पिंजऱ्यातल्या साबूशी बोलत होती. साबूलाही नेलं होतं, कारण एकटीला परत आणलं की वासामुळे दोघींत भांडण होऊ शकतं. आतून बारीक यंत्राचा घर्रघर्र आवाज यायचा आणि थांबायचा, आपल्या दातांच्या डॉक्टरकडे येतो तसाच. लेकीनं कान झाकून घेतले.

घरी आणल्यावर मला वाटलं होतं, कमान गेली, आता खाईल. तिनं दोन दिवस काहीच खाल्लं नाही. जिभेवर आणि गालाच्या आत जखमा होत्या, जबड्याचे स्नायू थकले होते. वेदनेचं औषध सुरू होतं तरी ती पाठ फुगवून, डोळे अर्धे मिटून कोपऱ्यात बसायची. त्या दिवसांत मी जे केलं ते मला आयुष्यभर हातात आठवणार आहे. दाण्याच्या गोळ्या मिक्सरमध्ये दळायच्या, कोमट पाण्यात भिजवून खिरीसारख्या करायच्या, सुई काढलेल्या सिरिंजमध्ये ओढायच्या. सिरिंजचं टोक बारीक होतं, त्यात भरड अडकायची, म्हणून नवऱ्यानं ब्लेडनं टोक कापून, पुन्हा काचकागदानं घासून गुळगुळीत केलं. जिरूला टॉवेलात गुंडाळायचं, डोकं तेवढं बाहेर. समोरून नाही, तोंडाच्या कडेनं, पुढच्या दातांमागच्या त्या रिकाम्या फटीतून सिरिंज आत सरकवायची आणि अर्धा मिलीच सोडायचा. थांबायचं. ती चावते का, गिळते का, बघायचं. मग पुढचा अर्धा. घाई केली तर खीर श्वासनळीत जाते. एका वेळी १० मिली, दिवसातून सहा वेळा. रात्री अकरा, रात्री तीन, पहाटे सहा.

पहिल्या रात्री तीनच्या खेपेला तिनं सगळं न गिळता तोंडातूनच बाहेर ढकललं. माझ्या गाऊनवर, टॉवेलवर, तिच्या गळ्याखालच्या लवेवर हिरवट चिखल झाला. मी रडले. सासूबाई उठून आल्या, काही बोलल्या नाहीत, कोमट पाण्यात कापूस बुडवून तिची हनुवटी पुसायला लागल्या. लाळेनं ओली राहिली तर कातडी सोलवटते, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पुसून झाल्यावर म्हणाल्या, "थोडं पातळ कर. मला पातळ लागायचं." मी खीर पातळ केली. तीन मिली पोटात गेले. त्या रात्रीपासून तीनची खेप आम्ही दोघींनी मिळून केली, त्या धरायच्या आणि मी भरवायची. घरात लग्न होऊन आल्यापासून सतरा वर्षांत आम्ही दोघी एवढ्या वेळ, एवढ्या जवळ, एकमेकींशी न बोलता कधी बसलो नव्हतो.

वजन आता रोज. १६ नोव्हेंबर ८३८. १७ ला ८३१. १८ ला ८३४. ते तीन ग्रॅम मी वहीत दोनदा गिरवले.

डॉक्टरांनी क जीवनसत्त्वाचे थेंब दिले होते. गिनीपिगच्या शरीराला, माणसाच्या शरीरासारखंच, क जीवनसत्त्व स्वतः तयार करता येत नाही. कुत्रा, मांजर, उंदीर हे सगळे करतात. आपण आणि गिनीपिग या बाबतीत एका पंगतीतले. किलोला रोज १० ते ३० मिलिग्रॅम लागतं, आजारपणात वरच्या बाजूचं. ते कमी पडलं की हिरड्या सुजतात, दात धरून ठेवणारे धागे सैल होतात, सांधे दुखतात, म्हणजे चावणं आणखी अवघड. या एका साम्यामुळेच हा जीव प्रयोगशाळेत गेला. १९०७ साली नॉर्वेमध्ये आक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिक हे खलाशांच्या बेरीबेरी नावाच्या आजाराचा शोध घेत होते. त्यांनी गिनीपिगना नुसत्या धान्यावर ठेवलं आणि बेरीबेरीऐवजी त्यांच्यात स्कर्व्ही दिसली, खलाशांच्या हिरड्यांतून रक्त काढणारा तोच जुना रोग. ताजा कोबी, लिंबाचा रस दिला की ती टळायची. पुढे हंगेरीतल्या आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांना गिनीपिगवरूनच क जीवनसत्त्वाची खात्री पटली, लाल मिरचीतून त्यांनी ते भरपूर मिळवलं, आणि १९३७ चं नोबेल त्यांना मिळालं. आज डॉक्टर माझ्या लेकीला संत्रं खायला सांगतात, त्यामागे किती अनाम जिरू आणि साबू आहेत, हा विचार मला त्या रात्रींत पुन्हा पुन्हा यायचा. ऋण हा शब्द मी सहसा वापरत नाही. इथं वापरते.

आता रोज शिमला मिरचीचा तुकडा असतो, दोन-तीन दिवसांनी जामाची लहानशी फोड, साखर असते म्हणून बेतानं. गोळ्यांची पिशवी लहान आणते, कारण उघडून ठेवली की तिच्यातलं क जीवनसत्त्व महिन्यागणिक उडत जातं. थंडीत गवळी बरसीम घेऊन आला होता, हिरवागार, गाडीभर. तो रोज घालायचा मोह झाला होता. पण बरसीम, लसूणघास हे कडधान्याच्या कुळातले, कॅल्शियम जास्त, मोठ्या गिनीपिगला मूतखड्याचा धोका. म्हणून तो आठवड्यातून एखाद्या वेळी मूठभर. रोजचं म्हणजे हरळी. बडा गणपतीजवळ फुलं-दूर्वा विकणाऱ्या एका बाई माझ्यासाठी रोज लांब, न निवडलेली हरळी बाजूला ठेवतात. देवाला कोवळी तीन पात्यांची दूर्वा लागते, आमच्या देवींना जून, खरखरीत. बाईंना हे इतकं आवडलं की त्या जिरूचं वजन विचारतात.

रविवारचं काम आता अर्ध्या तासाचं झालंय. वजन, आणि आकड्यापुढे मागच्या आठ आठवड्यांचा आकडाही. मग जबड्याची कड. हनुवटीखाली बोटाची उलटी बाजू लावायची, ओल आहे का. पुढच्या दातांची रेघ सपाट आहे की एका बाजूला उतरतेय. खालचे वरच्यांपेक्षा बरेच लांब असणं साहजिक असतं, पण रेघ तिरपी झाली तर ती एकाच बाजूनं चावतेय. डोळे स्वच्छ आहेत का, दोन्ही सारखेच बाहेर आहेत का, कारण वरच्या दाढांची मुळं डोळ्यांच्या खोबणीजवळच असतात. लेंड्या चिमटीत घेऊन बघायच्या. आणि सगळ्यात शेवटी एक हरळीचं पातं, एक गाजराचा जाड तुकडा दोघींपुढे ठेवून नुसतं बसायचं. कोण काय आधी घेतं, काय सोडतं. लेक मोबाइलवर वेळ लावते.

जिरूच्या मुळांचं दुखणं पूर्ण जाणार नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं. डिसेंबरच्या शेवटी पुन्हा दाढा घासल्या. मग फेब्रुवारीत. मग एप्रिलमध्ये. अंतर थोडं थोडं वाढतंय. दर वेळी भूल, दर वेळी बाकावर बसणं, आणि नंतरचे दोन-तीन दिवस सिरिंज. एका नातेवाइकांनी विचारलं, एवढा खर्च एवढ्याशा जिवावर? मी त्यांना उत्तर दिलं नाही. त्या वेळी जिरू माझ्या मांडीवर होती आणि दात करकर वाजवत होती, आणि ती करकर सुखाची की दुखण्याची हे मी ऐकत होते.

ऑगस्टमध्ये भुट्टे आले. भाजीवाल्यानं हाक मारून सांगितलं, "दीदी, ले जाओ, आपकी वालियों के लिए।" पानं धुऊन, कपड्यानं पुसून व्हरांड्यात नेली. जिरूनं आधी केस ओढले, नेहमीसारखे. मग एका जाड पानाचं बूड तोंडात धरलं. पान ओढत, थांबत, जबडा फिरवत तिनं चावायला सुरुवात केली. फार हळू. साबूचं पहिलं पान संपलं, दुसरं संपलं, आणि सवयीप्रमाणे ती जिरूच्या पानाकडे आली. जिरूनं मान वळवली, पान तोंडातच धरून उठली आणि ते फरफटत खोक्याच्या मागे घेऊन गेली.